चौल बंदराचा इतिहास जागेवर कसा अभ्यासावा

अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर, कुंडलिका नदीच्या मुखाशी, चौल आणि रेवदंडा ही जोडगावे आहेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या थोड्या बंदरांचा लिखित माग जवळजवळ दोन हजार वर्षे लागतो, त्यांत चौलची गणना होते. या बंदराचा अभ्यास करू इच्छिणारा विद्यार्थी बहुधा राजवटींची यादी पाठ करून येतो : शिलाहार, यादव, दिल्लीचे सुलतान, बहमनी, निजामशाही, पोर्तुगीज, आदिलशाही, मराठे, इंग्रज. यादी चुकीची नाही, पण ती घेऊन रेवदंड्याच्या तटाशी उभे राहिले की उपयोगाची उरत नाही. १५२१ ते १६३६ या काळात निजामशाही आणि पोर्तुगीज इथे एकामागून एक नव्हे, तर एकाच वेळी शेजारी-शेजारी नांदत होते, आणि कोणत्याही एका वर्षी ‘चौल कोणाचे’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. म्हणून पुढे सांगितलेली पद्धत यादीऐवजी चार प्रश्नांवर उभी केली आहे.

वहीत आडवे पान घेऊन चार रकाने आखावेत. पहिला, खाडीचे तोंड कोणाच्या तोफेखाली आहे. दुसरा, पेठ कोणाची आणि मालावरची जकात कोण घेतो. तिसरा, घाटावर जाणारी वाट कोणाच्या ताब्यात आहे. चौथा, समुद्रात गलबत हाकायला परवाना कोणाचा लागतो. डाव्या समासात वर्षे लिहावीत आणि प्रत्येक वर्षासमोर चारही रकान्यांची उत्तरे शोधावीत. एखाद्या रकान्याला आधार मिळाला नाही तर तो कोरा ठेवावा आणि अंदाजाने मुळीच भरू नये.

आधी नावे, मग वर्षे

पहिले काम नावांचा तक्ता करण्याचे आहे, कारण चौल प्रत्येक भाषेत वेगळ्या नावाने भेटते. कान्हेरीच्या लेण्यांतील कोरीव लेखांत ते ‘चेमुल’ आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दी वर्णनात, ‘पेरिप्लस’मध्ये, कल्याणनंतर ‘सेमिल्ला’ येते. अरब लेखक त्याला ‘सैमूर’ म्हणतात. शिलाहारांच्या ताम्रपटांत चेमुल्य किंवा चेमुली अशी रूपे दिसतात, आणि मराठी कागदपत्रांत पुष्कळदा ‘चेऊल’ लिहिलेले असते. चंपावती आणि रेवतीक्षेत्र ही परंपरेतील नावे स्थानिक श्रद्धेचा भाग म्हणून वेगळी नोंदवावीत. ‘तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी’ ही गावातील म्हण तशीच टिपावी, पण आकडा म्हणून वापरू नये. वर्षाच्या दिवसांइतकी देवळे सांगण्याची ती एक जुनी रीत आहे.

नावांच्या बाबतीत दोन खड्डे ठरलेले आहेत. काही जुन्या अभ्यासकांनी चेमुल म्हणजे मुंबईजवळचे चेंबूर असे मानले होते, त्यामुळे जुने लेखन वाचताना लेखक कोणत्या गावाविषयी बोलत आहे ते आधी तपासावे. दुसरा खड्डा पोर्तुगीज साधनांत आहे. कोझिकोडजवळ ‘चाले’ नावाचा त्यांचा आणखी एक किल्ला होता, आणि १५७०–७१ मध्ये निजामशहाने चौलला वेढा घातला त्याच सुमारास कोझिकोडच्या राजाने, सामुतिरीने, चालेला वेढा घातला होता. घाईने वाचणारा दोन्ही वेढे एकत्र करतो. चौल टिकले आणि चाले पडले, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

वर्षांचे रूपांतर हे दुसरे काम आहे, आणि ते कंटाळवाणे वाटले तरी टाळता येत नाही. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे पौष ते फाल्गुन या महिन्यांतील घटनेसाठी बहुधा ७९ धरावे लागतात. हिजरी वर्ष चांद्र आहे आणि सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान आहे, म्हणून तिथे नुसती बेरीज चालत नाही, कोष्टकच पाहावे लागते. मराठी दफ्तरात शुहूर सन असतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार, अर्थात ११३९. हे वर्ष मृगापासून सुरू होते, त्यामुळे मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत. ११३९ मध्ये ६०० मिळवले की १७३९ येते आणि मे महिन्यात वसई सर झाल्याचे वर्ष बरोबर जुळते. हे एक उदाहरण हाताने सोडवून पाहिले की दफ्तरातील तारखांची भीती जाते.

चौलच्या वाटेवरच आक्षी गावात शिलाहार राजा केशीदेवरायाचे नाव असलेला जुन्या मराठीतील शिलालेख आहे, तो अवश्य पाहावा. त्यावरील शक ९३४ असा वाचला गेला आहे, तथापि त्या वाचनाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दगडावर कोरलेला आकडासुद्धा वाचणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असतो, याचा इतका जवळचा धडा दुसरीकडे मिळत नाही. लेखाचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळी, प्रकाश बाजूने पडत असताना घ्यावा. अक्षरांत खडू, पीठ किंवा शेंदूर भरू नये, कारण त्याने दगडाची हानी होते आणि पुढच्या वाचकाला चुकीची अक्षरे दिसतात.

खाडीपासून सुरुवात करावी

चौलला पोचल्यावर देवळांकडे किंवा किल्ल्याकडे न वळता आधी कुंडलिकेच्या मुखाशी जावे. रेवदंडा खाडीच्या उत्तर काठावर आहे आणि दक्षिण काठावर कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. या डोंगराच्या आडोशामुळे इथे बंदर झाले आणि या डोंगरामुळेच पुढे लढाया झाल्या. ओहोटीच्या वेळी गेल्यास वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि गलबताला किती अरुंद वाट उरत असे ते प्रत्यक्ष दिसते. भरतीची वेळ काढायला कोळ्यांचे तिथीचे गणित आहेच : तिथीला पाऊणने गुणावे. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती येते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी असते.

मार्च १५०८ मधील लढाई या खाडीत उभे राहूनच समजते. इजिप्तच्या मामलुक सुलतानांचे आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आले होते आणि दीवचा मलिक अयाझ त्याला येऊन मिळाला होता. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो इथे त्यांच्या कात्रीत सापडला. त्याचे जहाज बाहेर पडताना मच्छीमारांनी पात्रात रोवलेल्या खुंटांत अडकले आणि तो मारला गेला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, बापाने दीवजवळ याचा सूड घेतला आणि त्या लढाईचे परिणाम साऱ्या हिंदी महासागराने भोगले. तोफा आणि शिडे यांच्या या कथेत कोळ्यांच्या जाळ्यांचे खुंट निर्णायक ठरले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बंदराच्या इतिहासात त्यांचा रकाना सहसा कोणी आखत नाही.

शिलाहार काळ : जकातीचा कागद

मध्ययुगाच्या आरंभीच्या नोंदी भरताना दोन साधने पुरेशी आहेत. पहिले साधन अल्-मसूदी या अरब प्रवाशाचे आहे. हिजरी ३०४ मध्ये आपण सैमूरला होतो असे तो सांगतो. हे हिजरी वर्ष ९१६ च्या जुलैत सुरू झाले. तेव्हा तिथे झंझ राजा होता आणि तो ‘बल्हरा’चा, म्हणजे राष्ट्रकूट सम्राटाचा, मांडलिक होता. गावात सुमारे १०,००० मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले लोक होते, तसेच त्यांची इथेच जन्मलेली संतती होती, जिला ‘बयासिरा’ म्हणत. त्यांच्यातील तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे आणि त्याला ‘हुनरमन’ म्हणत. दहा हजार हा आकडा मोजणीचा मानू नये. मात्र वस्ती मोठी होती, ती स्थिर झाली होती आणि राजाने तिला स्वतःची व्यवस्था चालवू दिली होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

दुसरे साधन खारेपाटणचा ताम्रपट आहे. शके १०१६ मध्ये, म्हणजे इ. स. १०९४ च्या सुमारास, शिलाहार अनंतदेवाने भाभण श्रेष्ठी आणि धनाम श्रेष्ठी या भावांना स्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली या बंदरांत जकात माफ केली. यातील स्थानक म्हणजे ठाणे आणि शूर्पारक म्हणजे सोपारा, तर नागपूर म्हणजे विदर्भातील शहर नव्हे, ते कोकणातीलच एक बंदर. हा ताम्रपट आपल्या दुसऱ्या रकान्याचे उत्तर थेट देतो : १०९४ मध्ये चौलची जकात शिलाहार राजाच्या अखत्यारीत होती आणि ती माफ करणे हे त्याच्या मर्जीचे चिन्ह होते. राजाची वंशावळ पाठ करण्यापेक्षा असा एक कागद नीट वाचणे अधिक उपयोगी पडते. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाने सोमेश्वराचा पाडाव केला आणि उत्तर कोकणातील शिलाहार सत्ता संपली. यादवांनंतरचा, दिल्लीच्या सुलतानांचा टप्पा थोडक्यात नोंदवून पुढे जावे.

घाटवाटेचा रकाना

१३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाल्यानंतरचे चौल समजून घ्यायचे असेल, तर त्वेर शहराचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच्याबरोबर चालावे. १४६९ च्या सुमारास तो होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला, पालीवरून घाट चढला आणि जुन्नरला पोचला. तिथल्या सुभेदाराने, असदखानाने, तो ख्रिस्ती असल्याचे कळताच त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन असे सांगितले. एका खोरासानी माणसाच्या मध्यस्थीने तो घोडा त्याला परत मिळाला. निकितिनचे स्मारक रेवदंड्यात आहे.

या हकिकतीतून दोन नोंदी घ्याव्यात. घोडा हा समुद्रमार्गे येणारा सर्वांत राजकीय माल होता. दख्खनच्या फौजांना अरबी आणि इराणी घोडे सतत लागत आणि इथल्या हवामानात त्यांची चांगली पैदास होत नसे. दुसरी नोंद अशी की बंदरात उतरलेल्या परक्या व्यापाऱ्याचे भवितव्य बंदरात नव्हे, तर घाटावर जुन्नरला ठरत होते. बहमनी राज्य फुटल्यावर १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही स्थापन केली आणि चौल तिच्याकडे गेले. त्याचेही बळ याच जुन्नर-चौल वाटेवर होते. नकाशावर चौल, नागोठणे, पाली आणि जुन्नर या गावांना पेन्सिलीने जोडून पाहावे. समुद्रकिनारी उभ्या असलेल्या बंदराचा मालक डोंगरापलीकडे का असतो, ते त्या रेषेवरून उमगते.

दोन चौले वेगळी ठेवावीत

अभ्यासातील सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्यावा. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी खाडीच्या मुखाशी किल्ला बांधायला घेतला आणि १५२४ पर्यंत तो उभा राहिला. तेव्हापासून ‘खालचे चौल’ म्हणजे पोर्तुगीजांचे रेवदंडा, आणि ‘वरचे चौल’ म्हणजे निजामशाही पेठ, अशी दोन शहरे झाली. समकालीन युरोपीय प्रवासी दोघांनाही चौलच म्हणतात. म्हणून प्रत्येक उताऱ्यासमोर ‘व’ किंवा ‘खा’ असे अक्षर लिहावे आणि ठरवता येत नसेल तर प्रश्नचिन्ह करावे. रेशमी कापडाचे विणकर, बाजारपेठ, मशिदी आणि देवळे यांचे वर्णन असेल तर बहुधा वरचे चौल असते. मठ, गिरिजाघरे आणि कप्तान यांचे असेल तर खालचे.

वहीत १५५० हे वर्ष भरून पाहावे. तोंड पोर्तुगीजांचे, वरची पेठ निजामशहाची, घाटवाट निजामशहाची आणि समुद्रावरचा परवाना पुन्हा पोर्तुगीजांचा. या परवान्याला ‘कार्ताज’ म्हणत, आणि तो नसलेले गलबत पोर्तुगीज पकडत किंवा बुडवत. म्हणजे निजामशहाच्या पेठेत विणलेले कापड फिरंग्यांच्या तोफेखालून आणि त्यांच्या कागदावर बाहेर पडत होते, तर फिरंग्यांना तो माल मिळायला निजामशहाची पेठ आणि घाट शाबूत राहणे आवश्यक होते. दोघांचे वैर होते आणि दोघांना एकमेकांवाचून गत्यंतरही नव्हते.

१५७०–७१ चा वेढा हा साधने ताडून पाहण्याचा उत्तम सराव आहे. तालिकोटच्या विजयानंतर मुर्तझा निजामशहाने चौलला आणि अली आदिलशहाने गोव्याला एकाच वेळी वेढा घातला. महिनोन्महिने झुंज होऊनही चौल पडले नाही आणि १५७१ मध्ये तह झाला. पोर्तुगीज बखरकार याचे श्रेय आपल्या शौर्याला देतात आणि शत्रूची फौज लाखाच्या घरात नेऊन ठेवतात. फारसी इतिहासकार फेरिश्ता सांगतो की निजामशाही सरदारच फितूर झाले होते आणि किल्ल्यात रसद जाऊ देत होते. फेरिश्ता स्वतः काही काळ अहमदनगरच्या चाकरीत होता, त्यामुळे त्याला आतली बातमी असू शकते आणि आपल्या बाजूच्या अपयशाला निमित्त शोधण्याची गरजही असू शकते. दोन्ही विधाने लेखकाच्या नावासह समोरासमोर लिहावीत. जिथे दोघे सहमत आहेत, म्हणजे वेढा झाला, तो लांबला आणि फसला, तेवढेच निर्विवाद मानावे.

पुढे निजामशाहीने कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारून खाडीचे तोंड परत मिळवण्याचा प्रयत्न केला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला आणि पहिला रकाना पूर्णपणे त्यांचा झाला.

पायी फिरण्याचा क्रम

एक दिवस रेवदंड्याला आणि एक दिवस चौल-कोर्लईला द्यावा. रेवदंड्यात अलिबाग-मुरूड रस्ता किल्ल्याच्या तटातूनच जातो, त्यामुळे बरेच लोक किल्ला न पाहताच किल्ल्यातून निघून जातात. तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरे आहेत. वाडीत शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी आणि कोणते अवशेष कुठे आहेत हे त्यांनाच विचारावे, कारण त्यांच्याइतकी माहिती इतर कोणाला नसते. ‘सातखणी’ म्हणून ओळखला जाणारा उंच मनोरा फ्रान्सिस्कनांच्या सेंट बार्बरा चर्चचा आहे. ‘सातखणी’ हे मराठी नाव त्याचे मूळचे मजले सांगते, आज दिसतात तेवढे मोजून ठेवावेत.

चौलला रामेश्वराचे मंदिर आणि त्यासमोरची पुष्करणी, राजकोट किल्ल्याचे अवशेष, हमामखाना आणि जुनी मशीद या क्रमाने पाहावे. ही ठिकाणे एकमेकांपासून दूर नाहीत, पण झाडीमुळे एकावरून दुसरे दिसत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी दिशा आणि पावलांचे अंतर टिपावे. पाखाड्यांची नावे विचारून लिहावीत. १८७६ मध्ये गर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि १८८३ मध्ये कुलाबा गॅझेटियर निघाले. त्यांतील वर्णने सोबत नेली, तर तेव्हा उभे असलेले आणि आज नाहीसे झालेले असे किती आहे ते कळते आणि मन विषण्ण होते.

मराठ्यांचा काळ कसा भरावा

१६३६ मध्ये निजामशाही संपली, कोकणातील तिचा मुलूख आदिलशहाकडे गेला, आणि १६५७ नंतर उत्तर कोकणात शिवाजी महाराजांचा अंमल पसरला तेव्हा वरचे चौल स्वराज्यात आले. मात्र पहिला रकाना पोर्तुगीजांचाच राहिला. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने घातलेल्या वेढ्यालाही खालचे चौल दाद देत नव्हते. चौथा रकाना मात्र आता झपाट्याने बदलू लागतो. कान्होजी आंग्रे यांनी कुलाब्याच्या किल्ल्यावरून आपले दस्तक चालू केले, इंग्रज मुंबईहून आपले परवाने देत होते, आणि पोर्तुगीजांचा कार्ताज नावापुरता उरला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले. बाजीराव पेशवे मदतीला धावले, मोहीम फसली आणि जानेवारी १७२२ मध्ये वरसोलीला पोर्तुगीजांशी तह झाला.

वसई पडल्यावर चौलचे भवितव्य ठरल्यासारखेच होते. सप्टेंबर १७४० च्या तहाने पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई सोडून दिले. इथे विद्यार्थी सहसा ‘मराठ्यांनी बंदर जिंकले’ असे लिहून थांबतो. वहीत १७४१ हे वर्ष भरले तर असे दिसेल की तोंड, पेठ आणि घाट हे तिन्ही रकाने दोनशे वर्षांत पहिल्यांदा मराठ्यांच्या नावे झाले आहेत, पण तोवर व्यापारच दुसरीकडे गेला होता. १६६१ च्या विवाहकरारातून इंग्रजांच्या राजाला मिळालेली मुंबई १६६८ मध्ये कंपनीकडे आली होती, तिचे बंदर खोल होते आणि कुंडलिकेचे मुख गाळाने उथळ होत चालले होते. म्हणून चार रकान्यांच्या उजवीकडे पाचवा, अरुंद रकाना शेवटी आखावा आणि त्यात त्या वर्षी बंदरात कोणता माल येत होता ते लिहावे.

कोर्लई सर्वांत शेवटी ठेवावे. संध्याकाळी किल्ल्याच्या धारेवरून खाडी, रेवदंड्याचा तट आणि मागे चौलच्या वाड्या एका नजरेत येतात आणि वहीतील रकाने जमिनीवर तपासता येतात. खाली उतरल्यावर कोर्लई गावातील ख्रिस्ती वस्तीत थोडे थांबावे. तिथे घरात आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक भाषा बोलली जाते. बोलणारे थोडे आहेत आणि तिला ते ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. घरातील वडीलधाऱ्यांची परवानगी मिळाली तर होडी, जाळे, वारा आणि मासे यांना त्या भाषेत काय म्हणतात ते विचारावे, शेजारच्या कोळी घरातील शब्द त्यापुढे लिहावेत, आणि सांगणाऱ्याला ते वाचून दाखवून चुका दुरुस्त करून घ्याव्यात.